चन्नम्माची हाक

डॉक्टर, माझ्या भावाला तुम्ही जिवंतपणी पुरलंत.

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. शिवप्पाची बायको चन्नम्मा गेली, तिलाही तसंच पुरलं. मग त्याला तिची हाक ऐकू यायला लागली. "अक्का, बसून बसून तिचे पाय अवघडल्यात. उठवाय ये म्हंती," असं तो मला सांगायचा. एकदा कुदळ घेऊनच निघाला, तेव्हा मी त्याला तुमच्याकडं आणलं.

तुम्ही समजावलंत. मेंदूतली एक पेशी दुसरीला रसायनाच्या हाती निरोप धाडते, तो घ्यायला दुसरीवर जागा असते. शिवप्पाच्या डोक्यात निरोप फार झालेत. तुम्ही म्हणालात, आमचं औषध त्या जागा अडवून बसतं, हाक थांबेल.

आता भवानी पेठेतल्या आमच्या चटणीच्या दुकानात तो कढईसमोर मांडी घालून बसतो. शेंगदाणे डोळ्यांदेखत करपतात, हात झाऱ्याकडं जात नाही. मी वाचनालयात बसून वाचलं. मेंदूच्या कपाळामागच्या भागात माणूस उठायचं ठरवतो, आणि तिथंही हेच निरोप लागतात; औषध तेही अडवतं. हे तुम्ही बोलला नाहीत.

काल मी विचारलं, "हाक थांबली का रं?"

"न्हाय की. रोज मारती," शिवप्पा म्हणाला. "मलाच उठावं वाटंना."

तो तिच्यासारखाच बसून होता. मग तुमच्या औषधानं अडवलं कुणाला, तिला की त्याला? उत्तर द्या.