निलव्वाचं वैराग्य

माझी धाकटी बहीण निलव्वा गडहिंग्लजला दिली होती, मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरात. तिच्या नुसत्या आवाजावरून पेठेतली माणसं तिला ओळखायची. देठं खुडायला बसलेल्या बायकांवर ती खेकसायची, त्या तिच्यावर उलट खेकसायच्या आणि दुपारी सगळ्याजणी मिळून तिच्याच हातची भाकरी खायच्या. कुणी ओलसर माल पोत्यात दडवून आणला की भर दारात सुनवायची, "पावणं, मिरची आणलायसा का भाजी?" तिचा नवरा प्रभुलिंग मवाळ माणूस. तो गल्ल्यावर बसून हसायचा. अशी बाई एकाएकी गप्प झाली आणि साऱ्या गावाला त्याचं कौतुक वाटलं. हे मी रागाच्या भरात सांगते आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

अठ्ठ्याण्णव साली तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन कोल्हापुरात झालं, एक बाजू काढून टाकली. मी तिथंच लक्ष्मीपुरीत राहते, म्हणून ती माझ्याकडेच होती. मग सलाईनमधून डोस सुरू झाले. सुरुवातीला ती डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडायची, रडायची, आणि ओकून झालं की मलाच म्हणायची, "अक्का, तुझ्या च्यानंच झालं बघ हे." केस गेले त्या दिवशी आरसा पालथा घालून ठेवला आणि दिवसभर मला घालूनपाडून बोलली. मला बरं वाटलं. बोलत होती म्हणजे आत काहीतरी शिल्लक होतं.

डोस घेऊन ती गडहिंग्लजला जायची आणि पुढच्या डोसाला परत यायची. असं येता-जाता तिचं बोलणं आटत गेलं. चहाला नावं ठेवेना. एकदा मी मुद्दाम साखर न घालता दिला, तर तसाच पिऊन कप खाली ठेवला.

तिकडे सासरी मात्र वेगळंच चाललं होतं. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा करायची, ही आमच्यातली रीत. निलव्वा ती पूजा घाईघाईत उरकायची, कारण तिला दुकान उघडायचं असे. आता ती तळहात पुढे धरून तासन् तास बसू लागली. जेवण एकवेळचं, तेही अर्धं पानात. आपली इरकली लुगडी जावांना आणि शेजारणींना वाटून टाकली. कुणी काही विचारलं की एकच उत्तर, "मला काय नको आता."

तिची सासू गौराबाई हरखून गेली. "माझ्या सुनंला वैराग्य आलं," असं दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली. आमच्यात देवाला सगळं वाहून मोकळ्या झालेल्या माणसाला शरण म्हणतात. निलव्वा शरण झाली, असं आधी गल्लीत, मग पेठेत झालं. नेसरीहून बायका तिला बघायला येऊ लागल्या. त्या तिच्या पाया पडायच्या.

मी एकदा न कळवता गेले. सोप्यात पंधरावीस बायका बसलेल्या, पुढ्यात निलव्वा, तळहातावर लिंग. एका पोरीनं आपलं तान्हं मूल तिच्या पायावर घातलं. निलव्वानं मुलाकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बायका गहिवरल्या. "बघितलासा? भक्तीचं पाणी हाय हे!" असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी हात जोडले.

मी तिच्या शेजारी टेकले. लिंगावर ना विभूती होती, ना फूल. ती पूजा करतच नव्हती.

"काय मागतीस गं देवाला?" मी हळूच विचारलं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "हात खाली घ्यायचा कट्टाळा येतोय, अक्का."

इतकी माणसं त्या हाताकडे बघत होती आणि तो हात खाली घ्यायलासुद्धा तिच्यात जोर उरला नव्हता.

त्याच दिवशी कळलं की पुढचा डोस घ्यायला ती नाही म्हणते आहे. अजून निम्मे डोस राहिले होते. पुरे केले तर आशा आहे, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलेलं. प्रभुलिंग म्हणाला, "अक्का, शरणाच्या इच्छेला आडवं कसं जायचं? पाप लागंल."

"लागू दे मला," मी म्हणाले, आणि माझी पाठ दुखते, चार दिवस सोबतीला न्यायचीच, असं खोटं सांगून तिला गाडीत घातलं.

डॉक्टरीणबाईंनी गाठीबद्दल विचारायच्या आधी तिच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाल्या, "सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा काय वाटतं?"

निलव्वा म्हणाली, "अजून जित्ती हायच म्हणायची मी, असं वाटतं."

बाईंनी मला सरळ सांगितलं, की हे वैराग्य नाही. या दुखण्यात पुष्कळांचं मनही आजारी पडतं, घरच्यांना वाटतं माणूस शांत झाला, आणि त्यावर औषध आहे. त्यांनी आम्हाला मनाच्या डॉक्टरांकडे धाडलं. गोळ्या सुरू झाल्या. आठवड्याला एकदा ते तिच्याशी बोलत बसायचे. निलव्वाला मी माझ्याकडेच ठेवून घेतलं आणि गडहिंग्लजकरांच्या लेखी माझी पाठ दुखतच राहिली.

महिना गेला, वर काही दिवस गेले. फरक दिसेना, मी धास्तावले. मग एका दुपारी ताटावर बसलेली निलव्वा ओरडली, "अक्का, आमटीत मीठ घालायला इसरलीस का मुद्दाम न्हाय घातलंस?" मी ओट्याकडे तोंड करून रडले. तिला वाटलं मी रागावले, म्हणून उठून माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर तिनं आपल्या पोरीचं, शिवांजलीचं नाव काढलं. पोर तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिला फोनवर अभ्यासावरून झापलं. मग स्वतःहून दवाखान्याची पिशवी भरली आणि राहिलेल्यातला एक डोस घेतला. घरी येताना रिक्षात माझा हात घट्ट धरून म्हणाली, "लई भ्या वाटतंय गं. मरायचं भ्या वाटतंय." मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "चांगलं आहे. भीती वाटते म्हणजे जगायचं आहे."

गावची यात्रा जवळ आली तशी तिनं घरी जायचा हट्ट धरला. लेकराला बघायचं होतं. मी गोळ्या बांधून दिल्या आणि प्रभुलिंगला फोनवर बजावलं, एकही चुकवायची नाही.

गेली ती पहिल्या दिवशी दुकानात जाऊन बायकांवर खेकसली. दुसऱ्या दिवशी जावेकडे जाऊन आपली लुगडी परत मागितली. "यात्रेला नेसू काय मी?" म्हणाली. गावात हसं झालं. शरणानं दिलेलं कुणी परत मागतं होय? पाया पडायला आलेल्या बायकांना तिनं "माझ्या पाया पडून काय हुतंय, तिकडं देवळात जावा की," म्हणून हाकललं. रात्री नवऱ्याला उठवून रडायची, मला मरायचं नाही म्हणायची. गौराबाईनं पिशवीत गोळ्या शोधून काढल्या. वेड्यांना देतात त्या गोळ्या घरच्या शरणाला दिल्या, त्यातनंच ही नासली, असं तिचं ठाम मत झालं. गोळ्या गटारात गेल्या.

प्रभुलिंग वाईट नव्हता. तेव्हा मी त्याला वाटेल ते बोलले, पण आता मला कळतं. रडणारी, भ्यालेली बायको त्याला सोसवत नव्हती. तिला वाचवणं त्याच्या हातात नव्हतं, आणि ती गप्प बसली की ते कुणी त्याच्याकडे मागतही नव्हतं. फोन केला की म्हणायचा, "बरी हाय, झोपलीया." तिचा डोस चुकल्याचं मला दवाखान्यातून कळलं आणि मी पहिल्या एसटीनं गेले.

निलव्वा सोप्यात बसली होती. हात पुढे धरलेला. मी त्या घरात जे भांडले ते शेजारच्या दोन घरांनी ऐकलं. शेवटी तीच म्हणाली, "भांडू नको, अक्का. मला काय नको." ती पुन्हा कोल्हापूरला आली नाही. आजार लिव्हरमध्ये उतरला आणि ती गेली. आमच्या रीतीप्रमाणे तिला बसवून, फुलांनी मढवून, वाजतगाजत मातीला नेलं. एवढी माणसं आमच्या आई-वडिलांच्या वेळी नव्हती. मला त्या गर्दीत रडायलासुद्धा मिळालं नाही, कारण शरण गेल्यावर रडायचं नसतं म्हणे.

तेव्हापासून दर वर्षी तिची पुण्यतिथी होते. हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, जेवण असतं, भाषणंही असतात. मी जाते ती शिवांजलीसाठी. ती आता कॉलेजात आहे. या वर्षी एक गृहस्थ माइकवर म्हणाले, "या माउलीला पोटच्या लेकराचासुद्धा मोह उरला न्हाय." शिवांजली पंगतीत वाढत होती. हातातलं पातेलं खाली ठेवून ती मागच्या अंगणात गेली. मी मागोमाग गेले.

"दोडव्वा," ती म्हणाली. आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात आणि तिच्या थोरल्या बहिणीला दोडव्वा. "एक इचारू? अव्वाला मी नको हुते न्हवं? मी न्हान हुते. शाळेतनं आल्यावर जवळ जायची तर माझ्याकडं बघायची बी न्हाय. म्हटलं, देव गावला की लेकरू नको हुत असंल."

इतकी वर्षं ती पोर हे एकटीनं उरात घेऊन हिंडत होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून गौराबाईचा आवाज आला. म्हातारी भिंतीला धरून उभी होती.

"बाळाबाई, बोलू नगंस," ती म्हणाली. "मी सगळं जाणून हाय. ती लुगडी परत मागायला गेली तवाच मला कळाय पायजे हुतं. पर ती शरण न्हवती म्हटलीस, तर मग आम्ही काय केलं तिचं? मी आता मरायला टेकलीया. तेवढं मला घिऊन जाऊ दे."

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या बाईची दया आली. पण माझ्यासमोर निलव्वाची पोर उभी होती.

मी शिवांजलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तुझी आई शरण न्हवती, बाळा," मी म्हणाले. "ती आजारी हुती. छातीत बी आणि मनात बी. औषध लागू पडलं तवा ती तुझ्यासाठीच गावाकडं पळत आली. तिला तू पायजे हुतीस. तिला जगायचं हुतं."

शिवांजली माझ्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडू लागली, आई गेल्यापासून पहिल्यांदाच. आत माइकवर कुणीतरी तिच्या आईचा जयजयकार करत होतं. गौराबाई दारातच खाली बसली. तिला उठवायला आमच्यातलं कुणी गेलं नाही.