भाऊजींचं स्कीर

भाऊजींना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, निवृत्तीनंतर भाषाशास्त्राचं खूळ लागलं. कणकवलीच्या कॉलेजात जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं, ते एका पोराला धड कळलं नाही. आता मालवणच्या वाचनालयात आइसलँड समजावणार! माणूस पणजीच्या पुढे कधी गेलेला नाही.

व्याख्यानाचा विषय होता 'स्कीर'. आइसलँडमध्ये दह्यासारखा घट्ट पदार्थ खातात, त्याचं हे नाव. आठवडाभर जेवताना मला तेच ऐकावं लागलं. हा शब्द म्हणे 'कापणे, वेगळं करणे' या अर्थाच्या जुन्या धातूवरून आला असावा. दूध विरजलं की पाणी एकीकडे, गोळा एकीकडे होतो, म्हणून. त्याच धातूपासून जर्मनमध्ये 'शेरेन', आणि इंग्रजीत मेंढी कातरायचं 'शिअर'. "हजार वर्षं शब्द जिवंत आहे, मथुरा!" असं म्हणताना त्यांच्या मिशीला सोलकढी लागलेली असायची. दूध फाटलं, असं आपण उठता बसता म्हणतो. त्यासाठी कुणी शाल-श्रीफळ देत नाही.

श्रोत्यांना चव दाखवायची म्हणून त्यांनी माझ्याकडून पातेलंभर दही लावून घेतलं आणि फडक्यात टांगलं.

"मगे ह्यो चक्कोच झालो मां," मी म्हटलं.

"चक्का नव्हे. स्कीर," ते म्हणाले, जणू मी देव बाटवला.

विरजणाची वाटी मी फ्रिजमध्ये वेगळी झाकून ठेवली होती. लग्नात पाठवणीच्या वेळी आईनं दिलेलं ते विरजण. रोजच्या दह्यातलं चमचाभर बाजूला ठेवायचं, त्यावर उद्याचं लावायचं, असं मी ते आजवर चालू ठेवलं होतं. आई गेली, पण तिचं दही माझ्या घरात रोज लागत होतं.

व्याख्यानाहून भाऊजी हार घालूनच परतले. मी फ्रिज उघडला तर वाटी नव्हती. ती मोरीजवळ पालथी होती, स्वच्छ धुतलेली. जन्मात चमचा न विसळलेल्या माणसानं नेमकी तीच वाटी धुवावी!

"वाटीतला विरजाण खंय, भाऊजी?"

"लोक जास्त येतील असं वाटलं, म्हणून निघताना तेही घातलं. साखर घालून खाल्लं सगळ्यांनी. दुकानातून कपभर आण की!"

हजार वर्षांचा शब्द कुठून कुठे गेला ते यांना पाठ, आणि घरातलं विरजण यांनी एका संध्याकाळी संपवलं. पढतमूर्ख म्हणतात ते हेच. समजावत बसावं, तेवढी त्यांची लायकी नव्हती.

आता ते विरजण उरलं असेल तर फक्त वेंगुर्ल्याला, माझ्या माहेरी, सुशीलावहिनीकडे. आईच्या बाराव्याला भर पंगतीत वहिनी म्हणाली होती, "ही आवशीक बघूक नाय, आंबे व्हरूक येता." आईला बघायला नाही, आंबे न्यायला येते म्हणे! त्या दिवसापासून मी त्या घरचं पाणी प्यायले नव्हते. वहिनीच्या हाताला चव नाही, हे मात्र भेटेल त्याला सांगत होते.

तरी दुसऱ्या दिवशी गेले. कुडाळला गाडी चुकली, पोचले तेव्हा वहिनी तुळशीपुढे दिवा लावत होती. मी उंबऱ्याबाहेरूनच विरजण मागितलं.

"आसा गो," ती म्हणाली. "पण दिवो लागलो. आता घराभायर दिवचा नसता."

शेवटी जात दाखवलीच, असं मला वाटलं. पण बोलू काय? तिन्हीसांजेनंतर मीही शेजारणीला कधी विरजण दिलेलं नाही. त्यानं घरातली लक्ष्मी जाते. मी पाठ फिरवली.

"खंय चललंस? सकाळी व्हर. पाय धू, भाकरी थापतंय."

पाय धुतले, पानावर बसले. भाकरी जाड, आमटी पाणचट. मी काही खोटं सांगत नव्हते. मग तिनं दही वाढलं. पहिला घास तोंडात गेला आणि मला हुंदका आवरला नाही. तिनं मला रडताना पाहिलं, याचा मला अजून राग येतो.