मान डोलावायची नाही

आमच्या मधुरिमानं दोन वर्षं जेईईची तयारी केली आणि दोन्ही वर्षं मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. म्हणून जानेवारीच्या परीक्षेत तिला एकाहत्तर पर्सेंटाइल मिळाले तेव्हा त्यात माझाही हात होता, हे आधीच कबूल करतो.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून माझी दुपार मोकळी, आणि मधूची ऑनलाइन लेक्चरंही दुपारचीच. नात एकटी अभ्यास करते, सोबत बसावं म्हणून बसायला लागलो आणि मलाच गोडी लागली. फिजिक्सचे सर तर अस्सल कीर्तनकार. आधी सावकाश विषय मांडायचे, मग एक दृष्टांत द्यायचे, एखादा विनोद करायचे आणि पट्टी चढवत चढवत शेवटी उत्तरावर अशी सम गाठायचे की माझ्या तोंडून आपोआप 'वा' निघायचं. टॉर्क म्हणजे काय, हे मला आजही सांगता येणार नाही. पण 'वा' कधी चुकलं नाही. इकडे मी मान डोलवायचो, तिकडे मधू डोलवायची.

लेक्चर संपलं की मी विचारायचो, "कळलं का ग?"

"एकदम क्लिअर, आजोबा."

तिच्या वह्या तर बघत राहाव्या अशा. चार रंगांची पेनं, सूत्रांना चौकटी. क्लासवाले दर दुसऱ्या रविवारी तीन तासांचा पूर्ण पेपर पाठवायचे. मधू म्हणायची, "आधी पूर्ण सिलॅबस ऐकून होऊ दे, मग देईन." आणि मी लगेच तिची बाजू घ्यायचो. नवविधा भक्तीत पहिली श्रवणभक्ती, आधी श्रवण तर पुरं होऊ दे पोरीचं. इंदूरला बडा गणपतीच्या मागे आमचं घर आणि दोन गल्ल्या टाकून विठ्ठल मंदिर. चाळीस वर्षं मी तिथं पहिल्या रांगेत बसून कीर्तन ऐकत आलोय. ऐकण्यानं माणूस शहाणा होतो, यावर माझी श्रद्धा होती. आता इंजिनिअरिंगचा पेपर पांडुरंग घेत नाही, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

फेब्रुवारीत, निकालाच्या दिवशी, माझा मुलगा मनीष पीथमपूरहून, म्हणजे त्याच्या औषधांच्या कारखान्यातून आला, हातपाय धुतले आणि मधूसमोर बसला.

"बघ बेटा, एप्रिलचा एक चान्स बाकी आहे. नव्वद आले तर इंजिनिअरिंग. नाही आले तर बीएससीचा फॉर्म भर. ड्रॉप-व्रॉप काही नाही. एक वर्ष घरात बसून डोकं फिरवून घेतलेली मुलं बघितलीत मी."

मधू दहा वर्षांची असताना मनीषनं तिला कारखाना दाखवायला नेलं होतं. गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या मशीनसमोर ती तासभर हलली नव्हती, हात कसा खाली येतो, पट्टा कसा सरकतो, नुसती बघत होती. तेव्हापासून तिला मेकॅनिकलच करायचंय, तेही इंदूरच्या सरकारी कॉलेजातून. निकालाच्या त्या रात्री तिच्या आईनं, विनीतानं, ताट वाढलं. मधूनं पोळीचा एक तुकडा मोडून तसाच ठेवला.

"येत होतं ना मला सगळं," ती मला हळूच म्हणाली. "मतलब, एक प्रश्न असा नव्हता की जो ओळखीचा नाही."

मलाही ते कोडंच होतं.

पुढच्या आठवड्यात मंदिरात उत्सव होता. देवासचे शंकररावबुवा संध्याकाळी पाचच्या कीर्तनाला येणार होते. मधूचं मन रमावं म्हणून मी तिला आग्रहानं बरोबर नेलं. पाच वाजले, सव्वापाच झाले, मंडप भरला, आणि बुवांचा फोन आला की बायपासवर गाड्या अडकल्यात, पाऊण तास तरी लागेल.

मंदिराची सगळी व्यवस्था सखुबाई बघतात. त्यांची जीभ म्हणजे धार लावलेली विळी. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"दिवाकरजी, चाळीस वर्षं बुवांच्या आधी तुम्ही ओळ पुरी करता. आज करा की पूर्ण कीर्तन."

"अहो, मी कसा—"

"कसा काय? मागच्या वर्षी बुवांना तुम्हीच म्हणालात ना, की हे आख्यान याहून रंगवता येतं."

म्हणालो होतो खरा. पेटीवर भूषण बसला होता, विमा कंपनीत असतो, हात मोठा गोड. तो म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. उभे राहा, मी आहे मागे."

खरं सांगायचं तर मला आतून उकळ्या फुटत होत्या. गळ्यात हार पडला, कपाळाला बुक्का लागला, हातात झांजा आल्या. नमन झालं, ते बरं झालं. पूर्वरंग, म्हणजे जिथं विषय मांडायचा तो भाग, तोही मला वाटलं झकास चालला. सेवेचं मोल, भाव शुद्ध हवा, वगैरे वगैरे. बोलताना सहज समोरच्या घड्याळाकडे बघितलं. तासभर तरी झाला असेल अशी माझी समजूत. सहा मिनिटं झाली होती.

आणि माझ्याजवळचं सगळं संपलं होतं.

म्हणून मी घाईनं उत्तररंगात उडी घेतली. बुवा दरवर्षी सांगतात ते आख्यान, एका म्हाताऱ्या सुताराचं. त्यानं देवाचा रथ घडवलेला असतो, उत्सवाच्या दिवशी रथ चढावर अडतो, लोक त्याला बोल लावतात. मी सुताराला आणला, गर्दी आणली, सुताराच्या डोळ्यांत पाणी आणलं. सुतार चाक बघायला रथाखाली शिरला. आणि पुढचं काही आठवेना.

म्हणजे शेवट आठवत होता. बुवा तिथं कसे थांबतात, कसा सूर लावतात, बायका पदर डोळ्यांना कुठं लावतात, सगळं आठवत होतं. फक्त सुतार तिथवर पोचतो कसा, ते माझ्या तोंडी येईना. मी म्हणालो, "तर श्रोतेहो, सुतार रथाखाली गेला." भूषणनं सूर भरला. मी पुन्हा म्हणालो, "रथाखाली गेला." बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "काढा हो त्याला बाहेर, म्हातारा माणूस आहे." मंडपात हशा पिकला. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. शेवटी भूषणनंच पेटीवर नामाचा गजर धरला, लोकांनी टाळ्या धरल्या आणि बुवा येईपर्यंत अर्धा तास आम्ही तेवढंच केलं.

बुवा आले, त्यांना सगळा वृत्तांत कळला. कीर्तन झाल्यावर मधूला घेऊन पाया पडायला गेलो तर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"हे आख्यान तुम्ही ऐकलंत किती वेळा?"

"चाळीस तरी."

"आणि मोठ्यानं म्हटलंत किती वेळा? घरात, एकट्यानं?"

मी गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला.

"मी दहा वर्षं गुरूंच्या मागे झांज धरून उभा होतो," बुवा हसत म्हणाले. "मला वाटायचं, आपल्याला सगळं येतं. मग गुरूंनी एक दिवस भिंतीसमोर उभं केलं आणि म्हणाले, बोल. चार वाक्यांत घाम फुटला. भिंत मान डोलवत नाही ना, दिवाकरराव. ती बरी असते शिकायला."

घरी येताना मधू रस्ताभर हसत होती. "आजोबा, तो सुतार. अजून तिथंच असेल बिचारा." मीही हसलो, करतो काय. कोपऱ्यावर आलो आणि तिचं हसणं एकदम थांबलं.

"आजोबा, माझंही हेच होतंय."

"काय?"

"पेपरमध्ये. प्रश्न वाचला की सर कसे सोडवतात ते दिसतं. शेवटी काय येतं तेही दिसतं. मधलं येतच नाही. मी कधी केलेलंच नाहीये ते. मी फक्त बघितलंय." मग थोडं थांबून म्हणाली, "दोन वर्षं बघितलंय मी, यार."

मला 'यार' म्हणाली हे तिच्या लक्षात आलं नाही. मीही आणून दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं टॅब विनीताच्या कपाटात ठेवला. क्लासचे न सोडवलेले पेपर काढले, एकूण एकोणपन्नास निघाले. सकाळी नऊ ते बारा, परीक्षेची जी वेळ तीच, ती टेबलाशी बसायला लागली. पहिल्या पेपरात तीनशेपैकी अठ्ठावन्न मिळाले. मी धीर द्यायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "आजोबा, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही भिंत आहात."

हे माझं नवं काम. दुपारी ती चुकलेला प्रश्न घ्यायची आणि मला पहिल्या ओळीपासून मोठ्यानं समजावून सांगायची. अट एकच, मान डोलावायची नाही. किती अवघड आहे ते, करून बघा. चाळीस वर्षांची सवय. दोनदा मान हलली तर तिनं माझ्या हनुवटीखाली उशी लावली. जिथं ती अडखळायची तिथं पेन्सिलनं खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात. रंगीत पेनं कुठं गेली, माहीत नाही. नव्या वहीत सगळ्या तिच्याच चुका होत्या, पानापानावर खाडाखोड.

एक खोड मात्र जाता जाईना. एखादा प्रश्न अडला की ती तिथंच झटत बसायची, सतरा-अठरा मिनिटं. तोवर पुढचे पाच सोपे प्रश्न हातचे जायचे. मनीषनं एका रविवारी हे बघितलं. तो इतके दिवस लांबूनच सगळं बघत होता.

"लाइनवर एक मशीन बंद पडलं तर मी काय करतो?" त्यानं विचारलं.

"दुरुस्त करता."

"आधी माल दुसऱ्या लाइनवर वळवतो. मग दुरुस्त करतो. प्रॉडक्शन थांबवून मशीनशी भांडत बसलो तर मला कोण ठेवेल?"

"पण बाबा, सोडलेला प्रश्न येत असेल तर?"

"तर शेवटी ये परत. पळून जातोय का तो?"

तेव्हापासून ती तीन मिनिटांवर घड्याळ लावायला लागली. घड्याळ वाजलं की ओठ चावून पुढं जायची. शिवाय येत नसलेल्या प्रश्नाला अंदाजानं खूण करायची सवय होती तिला, आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जातो. ती सवय मोडली तेव्हा एका आठवड्यात वीस गुण वाढले. मार्चच्या शेवटी एकशे चाळीस, एकशे पन्नासपर्यंत गाडी आली. एका पेपरला मात्र पुन्हा एकशे दहा. त्या दिवशी ती जेवली, झोपली आणि उठून चुका वहीत उतरवल्या. फेब्रुवारीतला पोळीचा तुकडा मला आठवला आणि मी देवाला मनातल्या मनात नमस्कार केला.

परीक्षेचं केंद्र राऊच्या पुढं होतं. मनीषनं रजा घेतली होती. ऊन रणरणत होतं, पालक लिंबाच्या सावलीत उभे होते. एक गृहस्थ त्यांच्या मुलानं किती हजार प्रश्न सोडवले ते सगळ्यांना सांगत होते. मी जप करत होतो. मनीष दर दहा मिनिटांनी गाडीचे टायर तपासत होता.

बारा वाजून गेले, मुलं बाहेर आली. मधू शेवटच्या घोळक्यात होती.

"कसा गेला?" मनीषनं विचारलं.

"अकरा सोडले."

"अकरा?"

"हात पण नाही लावला, बाबा. घड्याळ बघितलं आणि पुढे गेले." तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली. "भूक लागलीये."

एवढं बोलून ती गाडीत बसली. वाटेत कचोरी खाल्ली, दोन.

निकाल लागला तो दिवस शनिवार. मनीष घरीच होता. मधूनं फोन त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला, काढला, परत लावला.

"एकोणनव्वद पॉइंट सहा."

मी मनीषकडे बघत होतो. शब्दाचा पक्का आहे तो, माझाच मुलगा. नव्वद म्हणाला होता.

"नव्वद ठरलं होतं," तो म्हणाला.

"हो," मधू म्हणाली. तिचा आवाज सरळ होता.

विनीता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "तुम्हाला बारावीला किती होते ते सांगू का तिला?"

"तू थांब ग जरा." मनीषनं फोन खाली ठेवला. "ते सोडलेले अकरा प्रश्न. आता दिले तर येतील?"

"नऊ आले."

"आले म्हणजे?"

"पेपर झाल्यावर सोडवले. आठवले तसे लिहून ठेवले होते त्याच दिवशी." तिनं वही आणली. पेनानं लिहिलेली चार पानं, खोडलेली, पुन्हा लिहिलेली. परीक्षा होऊन पंधरा दिवस झाले होते. कुणी तपासणार नव्हतं, कुणी गुण देणार नव्हतं.

मनीषनं पानं उलटली. त्याला त्यातलं किती कळलं, देव जाणे. शेवटच्या पानावर दोन प्रश्न अर्धवट होते.

"हे दोन?"

"एकात कुठं चुकतंय ते कळलंय. दुसऱ्याला वेळ लागेल."

त्यानं वही मिटली आणि मांडीवर ठेवली.

"इंजिनिअरिंगच्या काउन्सेलिंगचा फॉर्म कधी निघतो?" त्यानं विचारलं.

"जूनमध्ये."

"तारीख बघून ठेव. मी रजा टाकतो."

मधूनं मान हलवली आणि वही त्याच्या मांडीवरून उचलून घेतली. टेबलाशी गेली, खुर्ची ओढली. विनीता म्हणाली, आता तरी बस ना दोन घटका आमच्यात. ती म्हणाली, "आलेच आई, हा एक होतोय."