राजकन्येचे आसन म्हणे!

मित्रांनो, मी धक्क्यावरचा एक जुना लोखंडी खुंटा आहे. लाँचचे दोर बांधायला मला इथे रोवले. पुढे बंदर गाळाने भरले, लाँच गेल्या, आणि शहराला अचानक साक्षात्कार झाला, की आपल्याकडे समुद्रकिनारा आहे! मग हॉटेले आली, रंगीत छत्र्या आल्या, मत्स्यालय आले, आणि स्वतःची टोपीही सांभाळता न येणारे हजारो शहाणे आले. नगरपालिकेने मला सोनेरी रंग फासला आणि शेजारी पाटी ठोकली: ‘राजकन्येचे आसन’. कुठली राजकन्या आणि कसले काय! इथे जन्मभर मिठाची पोती उतरली.

ही थाप आमच्या गाईडची. राजकन्या इथे बसून प्रियकराची वाट बघायची, असे तो दिवसातून दहा वेळा डोळे मिटून सांगतो. लोक माना डोलावतात. एका बाईंनी तर डोळे पुसले. अहो, माझ्यावर पाच मिनिटे बसून दाखवा, मग राजकन्येच्या गप्पा मारा!

खरे काय ते ऐका. एकदा वादळात चाळीस माणसांनी भरलेली लाँच खडकावर आपटणार होती. एका हमालाने तिचा दोर माझ्याभोवती गुंडाळून धरला. दोराच्या फासात त्याची दोन बोटे तुटली, पण त्याने दोर सोडला नाही. सगळी माणसे सुखरूप उतरली. तो हमाल म्हणजे या गाईडचा बाप. म्हातारा रोज सकाळी येऊन माझ्यावर बसायचा. मुलाने एकदा तरी ती हकीकत लोकांना सांगावी, एवढीच त्याची आस होती. मुलगा म्हणायचा, हमालाची गोष्ट ऐकायला कोण येणार?

परवा एका पाहुण्याला माझ्याबरोबर फोटो हवा होता. म्हातारा आड येत होता.

“कोण हो हे?” पाहुण्याने विचारले.

म्हाताऱ्याने तीन बोटांचा हात माझ्यावर टेकवला आणि लेकाकडे पाहिले. लेकाने नजर चुकवली.

“कुणी नाही, असेच येऊन बसतात,” तो म्हणाला. “आजोबा, उठा जरा.”

म्हातारा उठला. त्यानंतर तो आलेला नाही.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी लोखंड आहे, गंजेन आणि संपेन. त्या सोनेरी रंगाची तर मला किळस येते. पण कधी इकडे आलात, तर राजकन्येची कहाणी संपल्यावर चारचौघांत त्या गाईडला एवढेच विचारा, की तुझे वडील काय करायचे.