बॅटरीच्या कार्डावरचा शेवटचा रकाना

बॅटरी घ्यायला येणारा माणूस खोटं बोलतो. घेताना थोडं, आणि परत करायला येतो तेव्हा भरपूर. छपरावरच्या सोलरसाठी बॅटरी नेणारे एक मास्तर "दोन दिवे अन् एक पंखा, बाकी काही नाही हो," म्हणाले आणि तिच्यावर रोज घरभराच्या कपड्यांची इस्त्री चालवली. सहा महिन्यांत बॅटरीने राम म्हटला. मास्तरांनी दुकानात येऊन मलाच तासभर शिकवलं.

तेव्हापासून मी कार्डं छापून घेतली. कुठल्या वस्तू चालवणार, किती वॅटच्या, रोज किती तास. शेवटचा रकाना असा: बॅटरी किती वर्षं टिकायला हवी? शिशाची द्यायची की लिथियमची, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं. खाली गिऱ्हाईकाची सही. सही नाही तर बॅटरी नाही. माझा थोरला भाऊ त्यावरून मला फौजदार म्हणतो.

सोमवारी सकाळी दादा स्वतःच भरलेलं कार्ड घेऊन आला. गोदीतली क्रेन चालवून निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी, केबिन असलेली बोट घेतली होती आणि वर्षभर तिला ठोकून-ठाकून उभी केली होती. कार्डावर दोन दिवे, पाण्याचा पंप, रेडिओ आणि फोन. मी बेरीज केली. शंभर अँपिअरची एक साधी डीप सायकल, म्हणजे हळूहळू तासन्‌तास वीज देणारी, बॅटरी एवढं सगळं तीन-चार दिवस निवांत ओढेल.

"एक पुरे," मी म्हटलं.

"चार दे. दोनशेच्या."

मी चष्मा काढला. लोक यादी लहान सांगतात आणि बॅटरीही लहानच मागतात. माझा भाऊ खुराक मुंगीचा सांगत होता आणि दावण हत्तीची मागत होता. पाणी कुठेतरी मुरत होतं.

"चार कशाला?"

"जास्तीच्या असू देत की. संध्याकाळी सात ते पहाटे पाच पुरतील ना?"

"रेडिओ ऐकणार आहेस का रात्रभर? आणि शेवटचा रकाना कोरा का?"

तो काउंटरच्या काचेकडे बघत राहिला. "तिथे तू भर काहीही."

"काहीही भरायला ते काय शब्दकोडं आहे?"

"राहू दे मग. बंदराबाहेरचा भंगारवाला द्यायला तयार आहे. ट्रकच्या आहेत म्हणे, पण चांगल्या आहेत. मला शनिवारी निघायचंय."

आता मात्र मी घाबरले. ट्रकची बॅटरी इंजिनाला एक जोराचा धक्का देते आणि मग दिवसभर आयतं खाते. रात्रभर ओझं वाहणं तिच्या रक्तात नाही. तिला रोज तळापर्यंत पिळलं की काही आठवड्यांत ती मरते, तीही न सांगता. जमिनीवर फार तर अंधार होतो. पाण्यात, किनाऱ्यापासून लांब, पंप बंद आणि फोनही बंद. मला भाऊ एकच आहे.

"गुरुवारी माल येतोय. तोवर भंगारवाल्याकडे फिरकलास तर बघ," असं म्हणून मी त्याला वाटेला लावलं आणि उलटा हिशोब मांडला. शिशाच्या चार बॅटऱ्या, त्यातली निम्मीच वीज वापरायची, दहा तास. दिवे, पंप आणि वाटेतली गळती वजा केली तरी उत्तर आलं तीनशे वॅटच्या वर. रात्रभर, न थांबता, तीनशे वॅट खाणारी ही कोण बया?

बया म्हटलं आणि संशयाची पाल चुकचुकली. दोन महिने झाले, वहिनी फोनवर येत नव्हती. कधीही फोन करा, दादा म्हणायचा, "झोपलीये." पस्तीस वर्षांत जी बाई दुपारी आडवी झाली नाही, ती सकाळी अकराला झोपलेली? म्हणजे फोन उचलताना दादा घरी नव्हताच. तो बोटीवर राहत होता, आणि एकटा राहत नव्हता. अडुसष्टाव्या वर्षी! बुधवारपर्यंत मी मनातल्या मनात त्या बाईला केस वाळवायचं यंत्र दिलं, विजेची शेगडी दिली, लाल नखंसुद्धा दिली. वहिनीला हे कसं सांगायचं त्याची वाक्यं मी आंघोळ करताना पाठ करत होते.

बुधवारी दुपारी मोजपट्टी घेऊन, न कळवता, मी बंदरावर गेले. मला बघताच दादाने केबिनचं दार ओढून घेतलं.

"बॅटऱ्या ठेवायच्या जागेचं माप घ्यायला आले," मी म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं आमच्या घराण्यात दोघांनाही चांगलं जमतं.

"माप मी पाठवतो. तू कशाला उन्हात?"

केबिनच्या खिडकीला नवे पडदे होते, फुलाफुलांचे. दाराशी बायकी चपला. धक्क्यावरच्या प्लगमधून निघालेली एक वायर दाराखालून आत गेली होती आणि आतून आवाज येत होता. घर्र, फुस्स. घर्र, फुस्स.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग घोरतंय कोण?"

"वन्सं, आत या हो," आतून आवाज आला. "दारातच किती उलटतपासणी घ्याल त्यांची?"

वहिनी तीन उशांना टेकून बसली होती. निम्मी झाली होती. नाकाला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक पायाशी ठेवलेल्या मशीनला. मशीनच्या पाठीवर पत्र्याची पट्टी होती आणि पट्टीवर लिहिलं होतं, तीनशे वॅट. ती लाल नखांची बाई कुठे तोंड लपवू म्हणत माझ्यातच शिरली.

तिनेच सांगितलं, मध्ये थांबत थांबत. फुप्फुसं गेली आहेत. डॉक्टर आता वर्षांची भाषा करत नाहीत. "पस्तीस वर्षं हे घरी यायचे ते पाण्याचा वास घेऊन. मी एक रात्र पाण्यावर झोपले नाही. घरी हे मशीन भिंतीला जोडलेलं असतं, आणि भिंत काही बरोबर नेता येत नाही. डॉक्टर म्हणाले, जा. जवळ सिलिंडर ठेवा, पण मशीन रात्री बंद पडता कामा नये."

"आणि तू ट्रकच्या बॅटऱ्या घेणार होतास?" मी दादावर ओरडले. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर डॉक्टरांचं पत्र मागितलं असतंस," दादा म्हणाला. "मग दुसऱ्या डॉक्टरांचं. तोवर हिचा..." तो नळीचा पीळ सोडवायला वाकला.

पत्र आहे का, हेच मी विचारणार होते. फार लागलं मला ते. सख्ख्या भावाला बायकोचं दुखणं माझ्यापासून लपवावंसं वाटलं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

पर्समधून मी कोरं कार्ड काढलं. बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं होतं. ऑक्सिजनचं मशीन, तीनशे वॅट, दहा तास.

"बारा लिहा," वहिनी म्हणाली. "मला सकाळी लवकर उठवलं तर बोट बुडवीन मी."

मी बारा लिहिलं. दादाला समजावलं की शिशाच्या चार म्हणजे तीन धडधाकट माणसांचं वजन, एवढीशी बोट एका अंगाला कलेल. त्यापेक्षा लिथियमच्या तीन. हलक्या, आणि जवळजवळ तळापर्यंत वापरता येतात. एक बिघडली तरी उरलेल्या दोन सकाळपर्यंत नेतील. दिवसा धक्क्याला लागून मशीन तिथल्या प्लगवर चालवायचं आणि बॅटऱ्या तिथे नि सोलरच्या उन्हावर भरून घ्यायच्या. तो शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता.

"आणि किती वर्षं टिकायला..." सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

घर्र, फुस्स. दादा खिडकीबाहेर पाण्याकडे बघू लागला. सोमवारी तो काचेकडे बघत होता तसाच. कार्डावर सगळीकडे तो खोटं बोलला होता, पण या एका रकान्यात त्याच्याने खोटं लिहवलं नव्हतं आणि खरंही.

"वन्सं, सगळ्यात कमी टिकणारी असेल ना, ती द्या," वहिनी म्हणाली आणि हसली. हसण्याचा खोकला झाला, तो थांबेपर्यंत दादाने तिची पाठ धरून ठेवली.

मी रकान्यात लिहिलं, दहा.

तिने हात पुढे करून कार्ड घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. "हे खोटं आहे."

"आहे."

"तुमच्या दुकानात चालतं?"

"द्या इकडे," मी म्हटलं, आणि गिऱ्हाईकाच्या जागी माझी सही केली.