मातीचा कडता

अठ्ठ्याहत्तर साली मार्केटमागच्या मैदानावर पंचावन्न किलो वजनगटाच्या कबड्डी स्पर्धा भरल्या, तेव्हा समितीत एक अध्यक्ष, नऊ उपाध्यक्ष आणि एक सचिव होता. कामं सचिवालाच करायची असतात, म्हणून ते पद शिवपुत्र मास्तरांना दिलेलं. अध्यक्ष सिद्धलिंगप्पा सावकार. त्यांची धान्याची आडत, त्यामुळे खेळाडूंची वजनं करायला त्यांच्याच दुकानातला काटा आला आणि काट्यासोबत तोलार ईरप्पा.

ईरप्पानं तीस वर्षं पोती तोलली होती. त्याच्या तोंडून आकडा निघाला की शेतकरी, व्यापारी, हमाल सगळे गप्प. याखेरीज त्याच्याकडं दुसरी इस्टेट नव्हती. मास्तरांनी छातीवर ‘वजन अधिकारी’ असा रेशमी बिल्ला टाचला, तेव्हा तो दोन दिवस पानसुद्धा जपून खात होता.

पहिल्या दिवशी बारा संघांची वजनं झाली आणि एकही गडी बाद झाला नाही. आपल्याकडची पोरं आता नियम पाळायला लागली, असं मास्तरांनी माईकवरून जाहीर केलं.

अंतिम सामन्याच्या सकाळी दोन्ही संघांची पुन्हा वजनं होती. गिरणीच्या संघाचा कप्तान जोतीराम काट्यावर चढला. ईरप्पानं दांडीवरचं वजन सरकवलं आणि खड्या आवाजात पुकारलं, “पंचावन्न!”

रांगेत मागं मोहोळकडच्या संघाचा कप्तान धोंडीराम उभा होता; सावकारांच्याच आडतीत तूर घालणारा शेतकरी. त्यानं मान पुढं काढली.

“मामा, दांडीवर छप्पन हाय की.”

“हाय की. एक किलो कडता गेला.”

“कडता? कशाचा?”

“मातीचा. कबड्डीचा गडी, अंगाला माती आसतीच.”

गर्दी हसली. धोंडीराम हसला नाही. “कुटं हाय माती? आंघोळ करून आलोय आमी. तूर बी चाळूनच आणतो मी. तरी पोत्यामागं किलो कापताय की तुमी.”

मातीपोटी पोत्यामागं किलो वजा करायचा, ही आडतीची रीत ईरप्पा पाळत आला होता. पोत्यात माती आहे का, हे तीस वर्षांत त्यानंही कधी पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी त्याला मंडपाच्या मागं नेलं. “चष्मा घरी राहिला म्हणून सांगा. नाहीतर पहिल्या दिवसापासूनची सगळी वजनं अंगाशी येतील. आणि सावकार समोर खुर्चीत बसलेत. त्यांच्यादेखत कडत्याचा विषय कशाला?”

“मला दिसंना म्हणालो, तर उद्यापास्नं माझा आकडा कोण घेईल मास्तर?”

“आणि कडता कापला म्हणालात तर घेतील?”

दांडीवर एक आकडा, तोंडात एक, आणि दोन्ही खरे, हे इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं. ते कसं चाललं, याचंच ईरप्पाला आता नवल वाटत होतं.

तो काट्यापाशी परत आला. “कडता कापला हुता मी,” त्यानं पुकारलं. “समद्यांचाच. आता न्हाई कापत. चढा.”

जोतीराम छप्पन. बाद. मग धोंडीराम चढला. ईरप्पाचा हात दांडीवर जरा रेंगाळला. सातशे ग्रॅम असे कितीसे असतात!

“पंचावन्न सातशे.”

धोंडीरामनं स्वतः वाकून दांडी पाहिली. “बराबर हाय,” म्हणाला आणि उतरला.

आधीचे सामने कायम राहतील, कारण कडता सर्वांना सारखाच मिळाला आहे, असं मास्तरांनी जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही कप्तानांशिवाय सामना सुरू झाला.

धोंडीराम काट्याशेजारी येऊन बसला. थोड्या वेळानं, आवाज जराही खाली न आणता, तो म्हणाला, “मामा, सोमवारी दहा पोती तूर घालतोय सावकारांकडं. तोलायला तुमीच की?”

“मीच.”

“आन कडता?”

तीन खुर्च्या पलीकडं सावकारांचं तोंड सामन्याकडं होतं, कान मात्र इकडं.

“कडता दुकानाचा हाय, माझा न्हाई,” ईरप्पा म्हणाला. “पण पोतं काट्यावर आसतानाच इचार. आज इचारलंस तसं, मोठ्यानं. मी दांडीवरचाच आकडा सांगीन.”