बेकरीवाल्याचं छत

ब्लाउज शिवता शिवता टेलरबाईंनी स्वतःचं लग्न जमवलं, तेही परदेशातल्या बेकरीवाल्याशी. त्याची बहीण बाईंची जुनी गिऱ्हाईक. तिच्याच लग्नात दोघांची गाठ पडली, आणि तो परत गेल्यावर पुढचं सगळं व्हिडिओ कॉलवर. आता विमानतळावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. समोरच्या अधिकारी मॅडमना हे लग्न नुसतं कागदोपत्री वाटत होतं. खात्री पटली नाही तर पुढच्या विमानाने परत पाठवणी! दुकान मोडून आलेली बाई परत जाणार तरी कुठे?

"रोज बोलता ना? मग त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतींचा रंग कोणता?"

"माहीत नाही."

"खिडकी कुठे आहे?"

"तेही... नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. बाईंना रडू फुटायचं, त्याऐवजी राग आला. आणि एकदा राग आला की त्यांची जीभ थांबत नाही, मग भाषा आपली असो की नव्याने शिकलेली.

"अहो, दिसणार कुठून? घरी आला की हा बाबा पिठात हात घालतो आणि फोन ओट्यावर आडवा टाकतो! मला दिसतं फक्त छत. हजारदा सांगितलं, अरे, फोन उभा कर. करतो करतो म्हणतो, करतोय कसला! छताचं विचारा ना. दिव्याला काच नाही, कोपऱ्यात पोपडे आलेत, आणि शेगडीच्या वर कुकर उडाला तेव्हाचा पिवळा डाग आहे, हा एवढा!"

मॅडम उठल्या आणि बाहेर ताटकळलेल्या बेकरीवाल्याला आत घेऊन आल्या.

"तुमच्या स्वयंपाकघराचं छत कसं आहे?"

"छत?" तो गांगरला. "चांगलंय की. म्हणजे... दिव्याची काच फुटलीय. आणि तो कुकरचा डाग..." टेलरबाईंकडे लक्ष गेलं आणि त्याने जीभ चावली.

"तो डाग पुसला म्हणाला होतास!"

"अगं, स्टुलावर चढलो होतो, पण..."

"पण काय? रोज माझ्या डोळ्यांसमोर असतो तो!"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, येऊनच बघते तुझ्याकडे!"

"उरलेलं भांडण घरी जाऊन करा," मॅडम म्हणाल्या, आणि हसू दाबत त्यांनी शिक्का मारला.

घरी पोचल्यावर बाई तडक स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी आधी वर बघितलं. दिवा, पोपडे, डाग, सगळं जागच्या जागी. सगळा देश अनोळखी, पण हे छत त्यांचं होतं. त्यांचे डोळे भरून आले. मग मान खाली करून त्यांनी पहिल्यांदाच भिंती बघितल्या. भडक जांभळ्या!

"अगं बाई! हा रंग कुणी दिला?"

"मीच."

"म्हणून फोन उभा करत नव्हतास होय रे!"

बेकरीवाला कान पकडून हसत उभा राहिला. टेलरबाईंनी बाह्या सरसावल्या.

"स्टूल आण. आता हे घर माझं आहे."